पत्रं वाचायची तर हुकूमही वाचा

११ मे १९४५ च्या सकाळी क्यूशू बेटाच्या दक्षिण टोकाकडच्या तळांवरून जपानी विमानं ओकिनावाकडे निघाली. ओकिनावा बेटाला वेढा घातलेल्या दोस्तराष्ट्रांच्या आरमारावर जपानने ६ एप्रिल ते २२ जून या काळात दहा सामूहिक आत्मघाती हल्ले केले, त्यांतला हा सहावा. भूदलाच्या चिरान तळावरून गेलेल्यांत र्‍योजी उएहारा होता. केइओ विद्यापीठाचा अर्थशास्त्राचा विद्यार्थी, वय २२. आदल्या रात्री एका वार्ताहराच्या विनंतीवरून त्याने एक टिपण लिहून दिलं. गौरवशाली तुकडीसाठी आपली निवड व्हावी यापरता सन्मान नाही, अशी त्याची सुरुवात आहे. आणि लगेच पुढे तो लिहितो, की स्वातंत्र्याचा विजय अटळ आहे; हुकूमशाही राष्ट्रं काही काळ बलाढ्य दिसतात, पण शेवटी हरतात; इटली आणि जर्मनीचं काय झालं ते पाहा. आत्मघाती वैमानिक म्हणजे यंत्र, त्याला ना व्यक्तिमत्त्व ना भावना, लोहचुंबकाकडे ओढला जाणारा लोखंडाचा कण, असं तो स्वतःबद्दल लिहितो. उद्या एक उदारमतवादी या जगातून निघून जातो आहे, हेही त्यानेच लिहिलं.

त्याच दिवशी चिरानहूनच ताक क्युंग-ह्यून गेला. तो कोरियन, क्योतोत औषधशास्त्र शिकलेला, सैन्यातलं नाव मित्सुयामा. जाण्यापूर्वी तळाजवळच्या खाणावळीत त्याने ‘आरिरांग’ हे कोरियन लोकगीत म्हटलं. ज्या साम्राज्याने त्याचा देश गिळला होता, त्याच साम्राज्यासाठी तो मेला. आणि नौदलाच्या कानोया तळावरून गेला कियोशी ओगावा, वासेदा विद्यापीठाचा विद्यार्थी. त्याचं विमान ‘बंकर हिल’ या अमेरिकी विमानवाहू नौकेवर आदळलं. आई-वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्याने म्हटलं होतं, की माझ्या मनात जगण्याचाही विचार नाही, मरणाचाही नाही. त्याच्या आणि त्याच्या आधी काही सेकंद आदळलेल्या सोबत्याच्या विमानामुळे त्या नौकेवरची जवळजवळ ४०० माणसं मेली.

एका दिवसातली ही तीन माणसं. यांना मरणाकडे नेणारी प्रेरणा एकच होती असं म्हणायचं झालं, तर प्रत्येकाचा अर्धाअधिक भाग कापून टाकावा लागेल. तरी ऐंशी वर्षं तेच चाललं आहे. एक म्हणतो, हे सम्राटाला देव मानणारे माथेफिरू होते. दुसरा म्हणतो, मायभूमीसाठी हसत प्राण देणारे निर्मळ तरुण होते. दोघेही वैमानिकाच्या मनातच डोकावत बसतात आणि पुरावा म्हणून त्याची शेवटची पत्रं पुढे करतात. माझं म्हणणं असं आहे, की ती पत्रं खरी असली तरी ती कारण सांगत नाहीत. मरण ठरल्यानंतर माणूस त्या मरणाशी कसा जुळवून घेतो, एवढंच ती सांगतात. मरण कुणी, केव्हा आणि कोणत्या पद्धतीने ठरवलं, हे शोधायचं तर दुसरी कागदपत्रं उघडावी लागतात.

सुरुवात फिलिपिन्समधल्या माबालाकात तळापासून करू, कारण स्वयंस्फूर्तीची कथा तिथेच जन्मली. १९ ऑक्टोबर १९४४ च्या संध्याकाळी व्हाइस ॲडमिरल ताकिजिरो ओनिशी तिथे आले. त्यांच्या हाती येऊ घातलेल्या हवाई ताफ्यात उडण्याजोगी विमानं शंभरही उरली नव्हती. झीरो लढाऊ विमानाला २५० किलोचा बॉम्ब बांधून ते थेट नौकेवर आदळवावं, अशी सूचना त्यांनी मांडली, २०१ व्या हवाई तुकडीच्या अधिकाऱ्यांनी ती उचलून धरली, आणि तरुण वैमानिकांनी एकमुखाने हात वर केले. तिथे हजर असलेल्या अधिकाऱ्यांनी युद्धानंतर सांगितलेली हकिकत ती ही.

पण टोकियोतल्या नौदल मुख्यालयात एक तार १३ ऑक्टोबरलाच लिहून तयार होती. मसुदा मिनोरु गेंदा या अधिकाऱ्याचा. आत्मघाती हल्ल्यांची बातमी जनतेला कशी द्यायची, कोणत्या तुकड्यांची नावं घ्यायची, हा तिचा विषय. ‘शिकिशिमा’ आणि ‘आसाही’ ही नावं तिच्यात होती. म्हणजे माबालाकातमध्ये कुणी हात वर करण्याच्या सहा दिवस आधी तुकड्यांचं बारसं झालेलं होतं. त्याच्याही मागे जा. माणसाने आत बसून चालवायचा पाणतीर, ‘काइतेन’, १ ऑगस्ट १९४४ ला नौदलाने अधिकृतपणे स्वीकारला होता. ‘ओका’ हा रॉकेटवर उडणारा, पुढच्या भागात १,२०० किलोचा स्फोटक भार असलेला मानवी बॉम्ब त्याच ऑगस्टमध्ये मंजूर झाला आणि १ ऑक्टोबरला त्याच्यासाठी स्वतंत्र तुकडी उभी राहिली. आराखडे काढायचे, कारखान्याला काम द्यायचं, तळ ठरवायचा, माणसं वर्ग करायची, याला महिने लागतात. एका रात्रीच्या भावनेच्या भरात असली शस्त्रं तयार होत नाहीत.

पहिल्या तुकडीचा नायक लेफ्टनंट युकिओ सेकी. वय २३, नौदल अकादमीतून बाहेर पडलेला, नुकताच लग्न झालेला, आईचा एकुलता एक मुलगा. त्याला रात्री उठवून विचारण्यात आलं. वरिष्ठाने मध्यरात्री खोलीत बोलावून, खांद्यावर हात ठेवून, ‘ही मोहीम तू नेशील का’ असं विचारलं, की त्या प्रश्नाला दुसरं उत्तर नसतं. नंतर एका वार्ताहराशी बोलताना सेकीने मन मोकळं केलं. आपल्यासारखा कसलेला वैमानिक मारावा लागत असेल तर जपानचं काही खरं नाही. मी विमानवाहू नौकेच्या डेकवर बॉम्ब टाकून परत येऊ शकतो. मी सम्राटासाठी किंवा साम्राज्यासाठी जात नाही, माझ्या बायकोसाठी जातो आहे. हुकूम आहे म्हणून जातो आहे. हा त्याच्या बोलण्याचा आशय. तो २१ ऑक्टोबरला निघाला, लक्ष्य सापडलं नाही म्हणून परतला, पुन्हा निघाला, पुन्हा परतला, आणि २५ ऑक्टोबरला गेला तो गेलाच. त्या दिवशी ‘सेंट लो’ ही छोटी विमानवाहू नौका बुडाली. देशभर तो युद्धदेवता ठरला. युद्ध संपल्यावर ते देवत्व ओसरलं आणि त्याची आई हलाखीत जगून १९५३ मध्ये वारली.

या पहिल्या हल्ल्यामागचा लष्करी हेतू मर्यादित होता, हे फार कमी वेळा सांगितलं जातं. लेतेच्या आखातात शिरणाऱ्या जपानी आरमाराला अमेरिकी विमानांचा त्रास होऊ नये, म्हणून विमानवाहू नौकांचे डेक साधारण आठवडाभर निकामी करायचे, एवढाच ओनिशींचा हिशोब होता. २५ ऑक्टोबरला जपानी आरमार आखातात न शिरताच माघारी फिरलं. ज्या कामासाठी ही पद्धत काढली ते काम त्याच दिवशी संपलं. तरी पद्धत पुढे दहा महिने चालली, वाढली, नौदलातून भूदलात गेली, विमानांवरून पाणतीर आणि मोटरबोटींपर्यंत पोहोचली. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट ही आहे. निकडीचा उपाय म्हणून आलेली गोष्ट नित्याची झाली, आणि ती थांबवायची कधी हे ठरवण्याची जबाबदारी कुणीच घेतली नाही.

वरिष्ठांचं गणित असं होतं. जून १९४४ मध्ये मारियाना बेटांजवळच्या लढाईत जपानने नौकांवरची ३०० हून अधिक विमानं गमावली. ऑक्टोबरमध्ये तैवानजवळ आणखी शेकडो गेली. तिथे ११ विमानवाहू नौका बुडवल्याचा दावा जपानने केला, प्रत्यक्षात एकही बुडाली नव्हती. तेलवाहू जहाजं पाणबुड्यांनी बुडवल्यामुळे पेट्रोल नाही, पेट्रोल नाही म्हणून सराव नाही. युद्धाच्या सुरुवातीला कित्येकशे तासांचा सराव घेऊन वैमानिक लढाईत उतरत. १९४५ मध्ये अनेकांचे शंभर तासही भरलेले नसत. असा वैमानिक नेहमीच्या हल्ल्यात बॉम्ब टाकेपर्यंत वाचत नाही आणि वाचला तरी त्याचा नेम लागत नाही. मग मरायचंच आहे तर आदळून मरू दे. कागदावर हे पटतं, आणि बरेच तरुण वैमानिकही याच तर्काने स्वतःची समजूत घालत होते.

प्रत्यक्षात नेमकं काय व्हायचं ते पाहिलं, की हे गणित कुठे फसतं ते कळतं. १९४५ च्या सुरुवातीला तैवानमध्ये नवख्यांसाठी सात दिवसांचा अभ्यासक्रम आखला होता. पहिले दोन दिवस फक्त बॉम्बसह उड्डाण करायला शिकायचं, पुढचे दोन दिवस तुकडीने उडायला, शेवटचे तीन दिवस लक्ष्याजवळ जाऊन सूर मारायला. जवळ जाण्याचे मार्ग दोन. एक, ५,५०० ते ६,५०० मीटर उंचीवरून: अडवणाऱ्या लढाऊ विमानांना तिथवर चढायला वेळ लागतो, पण रडारला मात्र दुरूनच दिसतं. दुसरा, लाटांपासून १० ते १५ मीटरवरून: रडार चुकतं, पण हाताला कमालीची सफाई लागते, आणि शेवटी ४०० ते ५०० मीटर वर चढून मग खाली झेपावायचं. नेम विमानवाहू नौकेच्या मधल्या लिफ्टवर, इतर जहाजांवर कप्तानाच्या नियंत्रण-मनोऱ्याच्या पायथ्याशी. शेवटच्या क्षणी डोळे मिटू नका, असं भूदलाच्या सूचनापुस्तिकेत लिहिलेलं होतं.

सूर मारताना वेग वाढतो, तसं विमान आपोआप वर उचललं जातं. नाक खाली दाबून धरावं लागतं. झीरोची पंखांवरची नियंत्रणं जास्त वेगात इतकी जड होत की वळणाऱ्या जहाजामागे विमान वळवणं नवख्याच्या ताकदीबाहेरचं होतं. त्यामुळे कितीतरी विमानं जहाजावरून पलीकडे जाऊन समुद्रात पडली. उतार कमी ठेवला तर विमान ताब्यात राहतं, पण तोफांना वेळ मिळतो. बॉम्बची सुरक्षा खटकी वैमानिकाने स्वतः काढायची असे; गडबडीत ती राहिली तर बॉम्ब फुटण्याची खात्री नसे. आणि मूळ अडचण तर कुणीच दूर करू शकलं नाही. उंचावरून सोडलेला बॉम्ब जितक्या वेगाने आदळतो तितक्या वेगाने विमान आदळत नाही, कारण पंखांना हवा अडवते. लाकडी डेकच्या अमेरिकी नौकांवर आग भडके, पण चिलखती डेकच्या ब्रिटिश नौका तग धरत. ४ मे १९४५ ला आघात झालेली ‘फॉर्मिडेबल’ त्याच दिवशी पुन्हा विमानं उतरवू लागली होती.

त्यात ओकिनावाभोवती अमेरिकनांनी रडार बसवलेल्या विनाशिका दूरवर पहाऱ्याला ठेवल्या होत्या. दोन-अडीच तास समुद्रावरून उडत आलेल्या, पहिल्यांदाच शत्रूचं जहाज पाहणाऱ्या मुलाला दिसे ती हीच विनाशिका. तो तिच्यावरच झेप घेई. १६ एप्रिलला ‘लॅफी’ या एका विनाशिकेवर २२ विमानं तुटून पडली, सहा आदळली, तरी ती बुडाली नाही. विमानवाहू नौका बहुतेक वेळा मागे सुरक्षित राहिल्या. अमेरिकी आकडेवारीप्रमाणे हल्ल्यात उतरलेल्यांपैकी साधारण १४ टक्के वैमानिकांनाच आघात साधता आला. ३४ जहाजं बुडाली, ३६८ ना इजा झाली, सुमारे ४,९०० खलाशी मेले. हे नुकसान मोठं आहे, अमेरिकी नौदलाला ते फार झोंबलं. पण ज्या मोठ्या विमानवाहू नौकांसाठी हे सगळं चाललं होतं, त्यांतली एकही बुडाली नाही.

‘ओका’ची गोष्ट याहून भीषण आहे. तिचा पल्ला जेमतेम ३७ किलोमीटर, म्हणून तिला मोठ्या बॉम्बफेकी विमानाच्या पोटाखाली बांधून शत्रूच्या तोंडाशी न्यावं लागे. दोन टनांहून जास्त वजन लटकलेलं ते विमान धड वर चढेना की वळेना. २१ मार्च १९४५ ला अशी १८ विमानं कानोयाहून निघाली, त्यांतल्या १५ विमानांखाली ‘ओका’. सोबतीला ठरलेली लढाऊ विमानं पुरेशी नाहीत हे तळावर सगळ्यांना दिसत होतं. तरी मोहीम थांबवली गेली नाही. लक्ष्याच्या पल्ल्यात येण्याआधीच अठराच्या अठरा पाडली गेली.

आता संमतीकडे येऊ. भूदलात अनेक ठिकाणी कागद वाटले गेले. त्यावर पर्याय तीन: तीव्र इच्छा आहे, इच्छा आहे, इच्छा नाही. खाली नाव आणि हुद्दा. कागद वरिष्ठाच्या हाती द्यायचा. ज्या बराकीत पलंगाची चादर नीट नाही म्हणून लाकडी दंडुक्याने मारत, विद्यार्थी म्हणून आलेल्यांना तर हटकून जास्त मारत, तिथे तिसऱ्या पर्यायावर खूण करायला किती धैर्य लागेल? काहींनी ती केलीही, आणि तरी त्यांचं नाव यादीत आलं. १९४५ च्या वसंतात तर विचारणंही मागे पडलं. प्रशिक्षण तुकड्या जशाच्या तशा आत्मघाती तुकड्या म्हणून घोषित होऊ लागल्या. ताशी २३० किलोमीटर हाच कमाल वेग असलेली ‘शिरागिकू’ ही सरावाची विमानं बॉम्ब बांधून पाठवली गेली.

कुणाला पाठवलं, हेही पाहिलं पाहिजे. ऑक्टोबर १९४३ मध्ये विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांची सैन्यभरतीची सवलत काढून घेण्यात आली. विज्ञान, अभियांत्रिकी आणि शिक्षक-प्रशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना वगळलं. साहित्य, कायदा, अर्थशास्त्र शिकणारे सापडले. २१ ऑक्टोबरला टोकियोत भर पावसात पंतप्रधान तोजोंसमोर त्यांचं संचलन झालं. अधिकारी दर्जाच्या आत्मघाती वैमानिकांत हेच बहुसंख्य होते. त्यांच्या जोडीला किशोर वैमानिक शाळांमधून आलेली मुलं होती, सतरा-अठरा वर्षांची, बहुतेक साध्या घरांतली, विमानाच्या वेडाने भरती झालेली. अकादमीचे पेशेवर अधिकारी त्या मानाने थोडे. देशाला कोण हवं आणि कोणाशिवाय चालेल, याचा हा सरळ हिशोब होता, आणि विद्यार्थ्यांना तो कळत होता.

अशा जागी माणूस पोहोचला, की त्याच्या मनात जे चालतं त्याला प्रेरणा म्हणावं का, हा खरा प्रश्न आहे. मी म्हणेन, म्हणावं. पण तिचं स्वरूप ओळखून. पहिली गोष्ट, सोबती. काल ज्याच्याबरोबर जेवलो तो आज गेला आणि मी मागे राहिलो, हे त्या वयात असह्य असतं. मी नाही म्हटलं तर माझ्या जागी शेजारचा जाईल, हेही प्रत्येकाला ठाऊक. दुसरी, घर. १० मार्च १९४५ च्या एका रात्रीत टोकियोवर पडलेल्या आगीने सुमारे एक लाख माणसं मारली. माझ्या मरणाने आई-बहिणीवरचा एक हल्ला तरी उशिरा येईल, हा विचार करणाऱ्याला माथेफिरू म्हणता येत नाही. घराची इज्जतही यातच आली: मेलेल्याला दोन हुद्द्यांची बढती, यासुकुनी देवळात देवत्व, वर्तमानपत्रात नाव, मागे राहिलेल्याच्या घराकडे गावाची पाठ. तिसरी गोष्ट अर्थाची भूक. मरण टळत नसेल तर ते वाया जाऊ नये असं वाटणं. सुशिक्षित मुलांच्या लिखाणात हीच सगळ्यात जास्त दिसते. कुणी ख्रिस्ताच्या आधाराने, कुणी मार्क्सच्या, उएहारासारखा कुणी उदारमतवादाच्या आधाराने ठरलेल्या मरणाला अर्थ देऊ पाहतो. सम्राटाचं नावही येतं, विशेषतः तपासून पाठवल्या जाणाऱ्या अधिकृत पत्रांत.

खरोखर स्वतःहून गेलेले नव्हतेच का? होते. कुमागाया इथल्या भूदलाच्या शाळेतले शिक्षक हाजिमे फुजी विद्यार्थ्यांना सांगत, तुम्ही पुढे व्हा, मी मागून येतो. बायको आणि दोन मुली असल्याने त्यांचे अर्ज फेटाळले जात. नवऱ्याची ती अडचण दूर व्हावी म्हणून डिसेंबर १९४४ मध्ये पत्नीने मुलींसह नदीत जीव दिला. मग त्यांचा अर्ज मंजूर झाला आणि २८ मे १९४५ ला ते गेले. इतकी संपूर्ण स्वेच्छा दुसरीकडे सापडणार नाही. पण तिच्या मुळाशी शिक्षकाने विद्यार्थ्यांना दिलेला शब्द आहे, आणि तो शब्द देण्याची वेळ त्या शिक्षकावर कुणी आणली हा प्रश्न तिथेही सुटत नाही.

दुसरा आक्षेप असा, की सैनिकाला मरणाच्या तोंडी पाठवणं हे सगळीच सैन्यं करतात. फरक काय तो तोमोजी सासाकीच्या हकिकतीत दिसतो. हा भूदलाच्या पहिल्या आत्मघाती तुकडीतला कॉर्पोरल. या तुकडीच्या विमानांना ८०० किलोचा बॉम्ब असा जोडला होता की तो सोडताच येऊ नये. नायक कॅप्टन इवामोतो यांना ही पद्धत मूर्खपणाची वाटत होती. त्यांनी बॉम्ब सोडता येईल असा बदल करून घेतला. सासाकी नोव्हेंबर १९४४ पासून नऊ वेळा निघाला आणि नऊ वेळा जिवंत परतला. पहिल्याच वेळी तो युद्धनौका बुडवून धारातीर्थी पडल्याचं जाहीर झालं होतं, वर सम्राटापर्यंत खबर गेली होती. तो परत आला तेव्हा लक्ष्याला इजा झाली की नाही हा प्रश्न मागे पडला. पुढच्या वेळी नक्की मर, असं त्याला सांगण्यात आलं. बॉम्ब टाकून परत येऊन पुन्हा टाकणं जास्त उपयोगाचं, हे त्याचं साधं म्हणणं होतं. तो २०१६ पर्यंत जगला. आणि शेवटच्या विमानातून मीही येईन असं वैमानिकांना सांगणारे त्याचे सेनापती क्योजी तोमिनागा जानेवारी १९४५ मध्ये फिलिपिन्समधून तैवानला निघून गेले.

परत येणं हा असा गुन्हा ठरल्यावर परतलेल्यांना लपवणं ओघानेच आलं. जुनी विमानं, इंजिनातून गळणारं तेल, हलकं पेट्रोल यांमुळे वाटेतल्या बेटांवर उतरावं लागलेले चिरानचे कित्येक वैमानिक फुकुओकात आणले जात. तिथे मुलींच्या एका शाळेच्या वसतिगृहात ६ व्या हवाई सेनेने ‘शिनबू-र्‍यो’ नावाची जागा केली होती. जिवंत का आलास, असं विचारून त्यांची निर्भर्त्सना होई, सम्राटाची वचनं लिहून काढायला लावत, बाहेर कुणाला भेटू देत नसत. इंधन एकाच बाजूचं भरत होते, ही लोकप्रिय समजूत सरसकट खरी नाही. लक्ष्य शोधत फिरण्यासाठी पुरेसं इंधन अनेकदा दिलं जाई. परतीची वाट टाकीत शिल्लक असे. ती बंद केली होती तळावरच्या माणसांनी.

नकार अशक्य होता का, याचंही उत्तर कागदोपत्री आहे. फेब्रुवारी १९४५ मध्ये किसाराझू तळावरच्या बैठकीत सरावाची विमानंही आत्मघाती हल्ल्यांसाठी काढायची असं ठरत असताना तादाशी मिनोबे या तरुण नौदल अधिकाऱ्याने उघड विरोध केला. असल्या संथ विमानांतून तुम्ही स्वतः या, मी एका झीरोने तुम्हाला पाडून दाखवतो, अशा अर्थाचं तो बोलला. त्याने आपली तुकडी रात्रीच्या नेहमीच्या हल्ल्यांसाठी तयार केली, झोपेच्या वेळा बदलल्या, जमिनीवर नकाशांचा कसून अभ्यास घेतला, आणि ओकिनावाच्या लढाईत शेवटपर्यंत तसाच लढला. त्याला शिक्षा झाली नाही. युद्धानंतर तो जपानच्या हवाई स्वसंरक्षण दलात मोठ्या पदापर्यंत गेला. हुद्दा असलेल्याला नाही म्हणता येत होतं. ओनिशी, ओकिनावाच्या लढाईतले नौदलाचे हवाई सेनापती उगाकी आणि ६ व्या हवाई सेनेचे प्रमुख सुगावारा यांचा हुद्दा मिनोबेहून कितीतरी मोठा होता. ओनिशींनी १६ ऑगस्टला पोट फाडून घेऊन मृतांची माफी मागितली. मातोमे उगाकींनी तर १५ ऑगस्टला, सम्राटाचं शरणागतीचं भाषण ऐकल्यानंतर, अकरा विमानं आणि त्यांतले तरुण सोबत घेऊन शेवटचं उड्डाण केलं. याला प्रायश्चित्त म्हणणारे आहेत. संपलेल्या युद्धात दुसऱ्यांची पोरं घेऊन जाणं मला तरी प्रायश्चित्त वाटत नाही.

वैमानिकांना आजच्या आत्मघाती हल्लेखोरांच्या पंक्तीत बसवण्याची आपल्याकडेही सवय आहे. ती चूक आहे: हे गणवेशातले सैनिक होते, लक्ष्य युद्धनौका होत्या, आणि हुकूम सरकारचा होता. मात्र ही चूक दुरुस्त करताना त्यांना संत करण्याचीही गरज नाही.

चिरानच्या संग्रहालयात ओकिनावाच्या लढाईत मेलेल्या भूदलाच्या १,०३६ आत्मघाती वैमानिकांची छायाचित्रं आणि पत्रं आहेत. त्यांत किमान ११ कोरियन आहेत. २०१४ मध्ये मिनामी-क्यूशू नगरपालिकेने तिथली पत्रं, डायऱ्या वगैरे ३३३ वस्तू युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत घालाव्यात असा अर्ज केला. जपानच्या राष्ट्रीय समितीने त्या वर्षी दुसरे प्रस्ताव निवडले. ही पत्रं जगाने वाचावीत असं मलाही मनापासून वाटतं. पण नुसती पत्रं ठेवली, तर पाहणारा रडून बाहेर पडतो आणि एवढी सुंदर मनं स्वतःहून मरणाकडे गेली असं समजून घरी जातो. अर्ज पुन्हा करायचा असेल तर त्यात १३ ऑक्टोबरच्या तारेचा मसुदा घाला. तीन पर्यायांचा कागद घाला. शिनबू-र्‍योमधल्या वाचलेल्यांच्या साक्षी, ६ व्या हवाई सेनेची निवडीची कागदपत्रं, २१ मार्चच्या मोहिमेचा अहवाल आणि सासाकीच्या मृत्यूची खोटी घोषणा घाला. प्रत्येक वैमानिकाच्या छायाचित्राखाली त्याचं वय आणि गाव असतं, तशी त्याला पाठवण्याच्या हुकमावर कुणाची सही होती तीही लिहा.